संकलनाचे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी मी व्हिडिओ एडिटिंगवर बोलावे असे ठरले, तेव्हा "हे तर पोरासोरांचे काम" असे आपल्यातल्या काही जणी म्हणाल्याचे कानावर आले. त्यांचे समाधान व्हावे म्हणून थोडे मागे जाते. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला. त्या काळी कोरी फिल्म कडेची भोके न पाडताच येत असे. रात्री अंधारात बसून ती भोके पाडावयाचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. फिल्म रसायनात धुण्याचे कामही त्या शिकल्या, आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे हे हात होते. पुढे रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकल्या आणि त्या कामासाठी त्यांनी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. तेव्हा पोरासोरांचे म्हणून हे काम आपण सोडून द्यावे, असे मला वाटत नाही.

मराठीत याला संकलन म्हणतात. मला हा शब्द आवडतो. इंग्रजी शब्द ऐकला की कात्री डोळ्यांपुढे येते. संकलन म्हटले की सूप घेऊन बसलेली बाई दिसते. खडे काढावयाचे, तांदूळ राखावयाचा.

आपल्याला हे का हवे, ते आता सांगते. मंडळाने रोवणीची गाणी टिपण्याचे मनावर घेतले आहे. बांधीत पऱ्हे लावताना ज्या बायका गात, त्यांच्यापैकी ज्यांना गाणी पुरती येतात अशा आता थोड्याच उरल्या, आणि त्या वयाने थकल्या आहेत. कुठे यंत्राने रोवणी होते, कुठे पेरीव धान असते. तिथे गाण्याचा प्रसंगच राहत नाही. आपल्या फोनांत टिपलेले पडले आहे, पण फोन भरला की घरातले कोणी तरी पहिल्याने व्हिडिओच पुसते. ही गाणी नीट लावून ठेवली नाहीत तर ती दुसऱ्यांदा जातील, आणि या वेळी आपल्या हातून जातील.

साधन कोणते घ्यावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे. भाड्याचे घेऊ नये. ॲडोबीचे प्रीमियर हे उत्तम साधन आहे, परंतु त्याचे भाडे महिन्याला किंवा वर्षाला भरावे लागते. भाडे थांबले की आपलेच काम आपल्याला उघडता येत नाही. चोरून उतरविलेली प्रत तर मुळीच नको. तिच्याबरोबर संगणकात काय शिरेल ते सांगता येत नाही. दा विंची रिझॉल्व्हची फुकट प्रतही फार समर्थ आहे, पण तिला सोळा जीबी मेमरीचा दमदार संगणक लागतो. आपल्याकडच्या साध्या लॅपटॉपवर ती घाण्याच्या बैलासारखी चालेल. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन साधने फुकट आहेत, त्यांचा मूळ आराखडा सर्वांना खुला आहे, आणि ती बेताच्या संगणकावरही चालतात. मंडळाने यांतले एक घ्यावे. मी केडेनलाइव्ह घेईन, कारण ते जड व्हिडिओच्या हलक्या प्रती आपोआप करून देते. काम हलक्या प्रतीवर चालते आणि शेवटी अस्सल प्रत वापरली जाते.

"मग फोनवरचे ॲप काय वाईट?" असे विचाराल. सरावाला वाईट नाही. यूट्यूबचे क्रिएट नावाचे ॲप २०२३ पासून आपल्याकडे फुकट मिळते, आणि पहिला महिना त्यावर हात बसवावा. परंतु ठेवणीचे काम त्यात ठेवू नये. २९ जून २०२० रोजी सरकारने एकोणसाठ चिनी ॲप बंद केली; त्यांत टिकटॉक होते, तसे व्हिवाव्हिडिओ हे संकलनाचे ॲपही होते. ज्यांचे सारे काम त्यांतच होते, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

साधन निवडताना आणखी एक परीक्षा घ्या, ती परदेशी पुस्तकात सापडणार नाही. त्यात 'ज्येष्ठ स्त्रियांची रोवणी' असे लिहून पाहा. जोडाक्षरे मोडली, वेलांटी भलतीकडे गेली, की ते साधन कितीही नावाजलेले असो, आपल्या कामाचे नाही.

एकदा घेतले की मग बदलू नका. शेजारणीच्या मुलाने नवे काही आणले म्हणून आपले टाकून देऊ नये. मागे, थांबा, पुढे यांसाठी जे, के आणि एल या तीन कळा असतात आणि पुष्कळशा साधनांत त्या सारख्याच चालतात. बोटे त्यांवर बसली की निम्मी दमणूक जाते. झगमगीत संक्रमणे, पाने उलटणे, तारे पडणे, हे पहिले वर्षभर उघडूसुद्धा नका. कान मात्र तयार करा. चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात. शब्द कळेनासे झाले की उठून जातात. ट्यूबलाइटखाली चित्र फडफडते, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची आणि फोन सेकंदाला तीस चित्रांचा असतो. फोनच्या सेटिंगमध्ये पंचवीस चित्रे मिळत असली तर ती घ्यावीत, नाही तर सरळ अंगणात बसावे.

प्रोजेक्ट म्हणून जी फाइल तयार होते, तिच्यात व्हिडिओ नसतो. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यावयाचा, एवढी यादीच तिच्यात असते. मूळ व्हिडिओ पुसला वा दुसरीकडे हलविला, की यादी उरते आणि धान्य जाते. म्हणून आधी सर्व एका फोल्डरात आणावे आणि मगच कामाला बसावे. अस्सलाच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी. आणि एकमेकींना व्हिडिओ पाठविताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. नेहमीच्या रीतीने पाठविल्यास तो दाबला जातो आणि त्याचा कस उतरतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला. पाहणारे म्हणाले, काय सुंदर अभिनय! इथे भूक, तिथे दुःख! चेहरा तर तोच होता. जोडणाऱ्याच्या हाती एवढी सत्ता असते. एखादी आजी सासुरवासाचे गाणे म्हणताना मध्ये हसते. ते हसू आपण कापले तर ती रडवी दिसेल. पुढे मंडळाच्या सत्काराचे दृश्य जोडले तर आपल्या कृपेने आनंदली असे दिसेल. दोन्ही खोटे. तिचा थांबा, तिचा खोकला, "आता पुढचे आठवत नाही बाई" हे तिचे वाक्य, हे खडे नव्हेत. मी तर ते राखीन. आपल्यातल्या काही जणींना हे पटणार नाही, त्यांना गाणे स्वच्छ हवे आहे. त्यांनी निराळी छोटी प्रत करावी, पण अस्सलाला हात लावू नये.

तयार झालेली फीत आधी त्या आजीच्याच अंगणात, तिला आणि तिच्या घरच्यांना दाखवावी. तिने "हे काढा" म्हटले तर काढावे. तिची परवानगी तिच्याच आवाजात टिपून त्याच फोल्डरात ठेवावी.

येत्या शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत लॅपटॉप लावून ठेवते. येताना प्रत्येकीने आपल्या फोनातले एकच गाणे आणावे, तीन मिनिटांहून मोठे नको, आणि चार्जर विसरू नये.