उडी मारण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की आपल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. नदीत कोणी वाहून गेले आणि त्याला वाचवायला उडी मारणाराही गेला. त्यात बहुधा एक वाक्य असते: तो पट्टीचा पोहणारा होता. आजचे माझे म्हणणे या वाक्याविषयीच आहे. राफ्ट चालवणारा गाईड असो की सुटीच्या दिवशी कयाक घेऊन नदीत उतरणारा हौशी माणूस, वेगवान पाण्यातील बचावाचे शिक्षण दोघांनीही घेतले पाहिजे. गाईडला तर ते सक्तीचे हवे. आणि पाण्यात शिरण्याची वेळ शेवटपर्यंत टाळायची कशी, हा त्या शिक्षणाचा गाभा हवा.

पोहण्याचे कसब आपण विहिरीत किंवा तरणतलावात कमावतो, आणि तिथले पाणी जागच्या जागी असते. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला एक मीटर वेगाच्या, कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसावर ढोबळ हिशेबाने १२-१३ किलो वजनाइतका रेटा येतो. वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट होतो, म्हणजे शंभर किलोच्या वर जातो, आणि तो क्षणभरही सैल होत नाही. अशा धारेत पडलेला माणूस आधी पाय टेकवून उभे राहायला बघतो. तेवढ्यात पाऊल दगडांच्या फटीत अडकते, धार अंगाला पुढे वाकवते आणि छातीइतक्या पाण्यातही डोके बुडते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आपल्या काळ्या कातळात पाय अडकायला किती जागा असतात हे वेगळे सांगायला नको. म्हणून शिकवतात ते असे: पाठीवर व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवा, पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभे राहू नका. पण पुढे पाण्यात आडवे पडलेले झाड आले, तर हाच पवित्रा घातक ठरतो. तिथे पालथे होऊन, डोके पुढे करून, जोराने पोहत जाऊन खोडावर चढावे लागते, कारण फांद्यांमधून पाणी निघून जाते, माणूस अडकून राहतो. कुठे काय करायचे हे आठवायला त्या घटकेला वेळ नसतो. ते सरावाने अंगात मुरलेले असावे लागते.

सर्वांत फसवे पाणी दिसायला सर्वांत साधे असते. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पाणी अडवणारे बरगे बसवल्यानंतर परतीचा पाऊस आला की पाणी वरून सांडते. खाली कोसळलेले पाणी तळाशी जाऊन वर येते आणि पृष्ठभागावरून उलट भिंतीकडेच फिरते. त्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट घालूनही पुन्हा पुन्हा भिंतीखाली ओढला जातो. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे सुसक्वेहाना नदीवरच्या अशाच एका बुटक्या बंधाऱ्यापाशी १९७५ साली बचावाला गेलेले अग्निशमन दलाचे जवानच बुडाले. त्यांच्या धैर्यात काही उणे नव्हते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. वेगवान पाण्यातील बचावाची आजची शिकवण अशा मृत्यूंमधून घडली. तिचा क्रम ठरलेला आहे: आधी हाक देऊन बुडणाऱ्याला काय करायचे ते सांगा, मग काठी किंवा वल्हे पुढे करा, मग दोर फेका, मग होडी न्या. स्वतः पाण्यात उतरणे अगदी शेवटी.

दोराचेच उदाहरण घ्या. कमरेला दोर बांधून उडी मारणे आपल्याकडे शहाणपणाचे समजले जाते. वाहत्या पाण्यात दोर ताणला की धार त्याच माणसाला खाली दाबते, आणि ताणाखालची गाठ सुटत नाही. बचावाच्या खास जॅकेटला एका झटक्यात सुटणारा पट्टा असतो तो यासाठीच. नदीवर काटकोनात ताणलेला दोर माणसाला मधोमध अडकवून ठेवतो, तिरपा लावलेला दोर त्याला काठाकडे सरकवतो. १५-२० मीटर दोराची थ्रो बॅग नेमकी फेकणे, फेकणाऱ्याने पाय कुठे रोवायचे, वरच्या अंगाला पहारा आणि खालच्या अंगाला दुसरा दोर घेऊन कोण उभे राहणार, हे सारे पाण्याकाठी करूनच येते.

यावर पहिला आक्षेप असा, की नदीकाठी वाढलेल्या माणसाला कागदी प्रमाणपत्र काय शिकवणार? स्थानिक ज्ञान अमोलच आहे, पण त्याला मर्यादा आहेत. कोलाडची कुंडलिका पाहा. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून पुढे कुंडलिकेत येते आणि त्यावर राफ्टिंग चालते. सोडलेल्या पाण्याची नदी रोज जवळजवळ सारखी वाहते, म्हणून तिथला अनुभव खोल असला तरी अरुंद राहतो. अतिवृष्टीच्या दिवशी ती वेगळीच नदी होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरात होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. होडी गावचीच होती आणि नदीही ओळखीची होती.

दुसरा आक्षेप: यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, आहे. त्यांचे काम मोलाचेच आहे. पण त्यांची पुण्याजवळची तुकडी सुदुंबरे येथे आहे, प्राणवायूविना मेंदूला कायमची इजा चार-सहा मिनिटांत होऊ शकते, आणि सेकंदाला तीन मीटर वेगाची धार माणसाला मिनिटाला १८० मीटर दूर नेते. त्या मिनिटांत पोहोचू शकतो तो शेजारच्या राफ्टमधला गाईड. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. हंगामी मजुरीवर जगणाऱ्या तरुणाने तो का सोसावा? तो व्यावसायिकाने आणि परवाना देणाऱ्या शासनाने उचलावा. प्रशिक्षणाने फाजील आत्मविश्वास येतो, असेही म्हणतात. दोन दिवसांच्या वर्गावर आयुष्यभराचे प्रमाणपत्र दिले तर तो येईलच. म्हणून दर हंगामाआधी, त्याच नदीवर, पुन्हा परीक्षा हवी.

तोवर निदान एवढे करा. राफ्टमध्ये बसण्यापूर्वी गाईडला विचारा: बचावाचा सराव शेवटचा कधी केला, थ्रो बॅग कुठे आहे, सोबत बचावासाठी कयाक आहे का? उत्तर मिळाले नाही, तर पैसे गेले तरी चालतील, पाण्यात उतरू नका.