रांगेचा नियम कोणी ठरवायचा?

(शिर्डी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिर्डीत रामनवमीला किंवा गुरुपौर्णिमेला काय घडते, हे येथे कोणाला सांगावयास नको. समाधिमंदिराचे दार तेच असते. परंतु मुंबईहून पायी आलेल्या पालख्या आणि नगर-मनमाड रस्त्याने येणारे यात्रेकरू एकदम लोटले, की रांग जागच्या जागी थिजते. दार रुंद केल्याने हा प्रश्न पुरता सुटत नाही. मागून किती माणसे सोडावयाची, याचा नियम लागतो. संगणकांच्या जाळ्याची अडचण नेमकी हीच आहे. तेथे अशा नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठ आणि लगतची लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. तार तुटली नव्हती. रांगेत अडकलेले पॅकेट पोचलेच नाही, असे समजून संगणक तेच पुन्हा पाठवीत होते आणि गर्दीत भर घालीत होते. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्यासह काढलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पोच मिळत आहे तोवर पाठविण्याचे प्रमाण थोडेथोडे वाढवावे. पॅकेट गहाळ झाल्याचे दिसताच ते निम्म्यावर आणावे. वर कोणी नियंत्रक नाही. प्रत्येकाने गर्दी ओळखून आपणहून माघार घ्यावयाची. पुढच्याच वर्षी दा-मिंग च्यू आणि राज जैन यांनी गणिताने दाखविले, की सर्वांनी हा नियम पाळला तर वाटे हळूहळू समान होत जातात.

समतेची भाषा बोलणाऱ्यांना हे ऐकून समाधान वाटेल. पण ही समता जोडण्यांमधील आहे, माणसांमधील नव्हे. एकाच संगणकाने दहा जोडण्या उघडल्या तर त्याला दहा वाटे मिळतात. आणि दूर असलेल्याला पोच उशिरा मिळत असल्यामुळे त्याचा वाटा सावकाश वाढतो.

दूरत्वाची ही शिक्षा वेग वाढू लागला तशी अधिकच जाणवू लागली. मूळ टीसीपी प्रोटोकॉलात पोच न मिळता एका वेळी फार तर ६५,५३५ बाइट पाठविता येत. मुंबईहून अमेरिकेस संदेश जाऊन पोच परत येण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, असे धरले तर केबल कितीही मोठी असली तरी एका जोडणीवर सेकंदाला सुमारे २६ लाख बिटांपलीकडे जाता येत नाही. ही मर्यादा तारेची नाही, कागदावरच्या नियमाची आहे. १९९२ मध्ये नियमाला जोड देऊन ती उठविण्यात आली.

भारतात या साऱ्याचा पाया सरकारी पैशाने घातला गेला, हे आज कोणी सहसा आठवत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हे जाळे हाती घेतले. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगलोरची विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी त्यात होत्या. आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचा ओएसआय आणि अमेरिकेचा टीसीपी, असे दोन्ही प्रोटोकॉल अर्नेटने काही वर्षे शेजारी शेजारी चालविले. १९९५ पर्यंत दुसऱ्याची सरशी झाली. वापरात असलेली आणि खुली वस्तू पुष्कळदा समित्यांच्या आराखड्यांना मागे टाकते. बर्कलेने आपली जाळेविषयक आज्ञावली १९८९ मध्ये मोकळ्या परवान्याखाली वाटली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुले केले. त्या निगमाचे नियंत्रण २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेले. जुहूचे केंद्र २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले.

आता नियम कोण लिहितो? २०१६ मध्ये गूगलने बीबीआर ही नवी पद्धत पुढे आणली. पॅकेट गहाळ होण्याची वाट न पाहता मार्गाचा वेग स्वतः मोजून ती चालते, आणि लांबच्या, वेगवान मार्गांवर तिचा लाभ खरोखरच मोठा आहे. परंतु २०१९ मध्ये संशोधकांना आढळले, की तिच्या पहिल्या आवृत्तीची एकच जोडणी जुन्या पद्धतीच्या सोळा जोडण्यांच्या स्पर्धेतही मार्गाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग घेऊ शकते. पुढील आवृत्त्यांत सुधारणा झाल्या. त्याही तिच्या कर्त्यांनीच केल्या. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक प्रोटोकॉलात तर माघारीचा नियम संगणकाच्या मूळ प्रणालीतून निघून ॲपच्या आज्ञावलीत आला. ज्याची ॲप त्याचा नियम, अशी सोय झाली.

शिर्डीत शुल्क भरून लवकर दर्शन घेण्याचा पास मिळतो, आणि तो निदान सर्वांना दिसतो. त्यावर वाद घालता येतो. जाळ्यावरील पास दिसत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली, ती लाखो नागरिकांनी पत्रे पाठविल्यानंतर. २०१८ मध्ये सरकारने भेदभावरहित जाळ्याचे तत्त्व मान्य केले. पण ही बंधने मार्ग चालविणाऱ्या कंपन्यांवर आहेत. त्या मार्गावर पॅकेटे सोडणारा किती जोराने सोडतो आणि गर्दीत माघार घेतो की नाही, याविषयी त्यांत काही नाही.