दान आणि अडगळ
(साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आज माझ्याकडून झालेली एक चूक तुमच्यापुढे मांडतो. आपल्यातले अनेकजण छोटा-मोठा व्यवसाय करतात. म्हणून ती उपयोगी पडेल असे वाटते.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे ऑफिस मी सांभाळतो. 2017 मध्ये आम्ही नवे संगणक घेतले. जुने पंधरा टेम्पोत भरून जव्हार तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या एका वसतिगृहाला पाठवले. हार घातले गेले, फोटो निघाला, तो मी ऑफिसात लावला. दोन वर्षांनी सहज तिकडे जाणे झाले, तेव्हा गृहमातेने मला धान्याच्या कोठीकडे नेले. तांदळाच्या पोत्यांशेजारी आमचे संगणक रचून ठेवले होते. नऊ कधी सुरूच झाले नव्हते. सहा एका पावसाळ्यात, विजेच्या चढउतारात गेले.

ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही प्रेमानं दिलंत म्हणून ठेवलंय. टाकायचं कुठं ते आम्हाला कळेना."

मागच्या ओढ्याकाठी काळा डाग दिसला. मुलांनी केबली जाळून तांबे काढले होते आणि भंगारवाल्याला विकून चेंडू आणला होता. मुलांचा काय दोष? त्यांच्या हाती ती वस्तू मी दिली होती. निघताना दहावीतला एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, संगणक चालू होता तेव्हा त्यात पगाराचा तक्ता दिसायचा. तो तुमचाच का?" आमच्या कामगारांची नावे, पगार, बँकेचे खाते क्रमांक, सगळे त्यात होते. त्या क्षणी मान वर करवली नाही.

घरी येऊन मी या विषयाची माहिती काढू लागलो. केबलीचे प्लास्टिक उघड्यावर जाळले की त्यातून डायॉक्सिनसारखी विषे निघतात. पूर्वीच्या, मागे डबा असलेल्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. जुन्या सपाट पडद्यांतल्या बारीक दिव्यांत पारा असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणास गेल्याची नोंद आहे तो एक चतुर्थांशाहूनही कमी. उरलेल्यातला बराचसा कुणाच्या तरी अंगणात, गोदामात किंवा शेकोटीत जातो. त्यातली एक शेकोटी मी पाहिली होती.

आम्ही आमचाच टेम्पो पाठवून पंधराही संगणक परत आणले. हार्ड डिस्क काढून घेतल्या आणि बाकीचे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला दिले. त्यानंतर ऑफिसात काही नियम घातले, ते सांगतो.

पहिला नियम यादीचा. कोणते यंत्र कधी घेतले, कुणाकडे आहे, कधी बाद झाले, हे वहीत लिहायचे. यादी नसली की वस्तू जिन्याखाली जाते आणि तिथून भंगारवाल्याकडे.

दुसरा माहितीचा. फाइल डिलीट केली किंवा डिस्क नुसती फॉरमॅट केली म्हणजे माहिती गेली असे नाही. साध्या सॉफ्टवेअरने ती परत निघू शकते. डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करावे लागते. एसएसडी असेल तर तिच्यासाठी असलेली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. चालत नसलेली डिस्क फोडून द्यावी.

तिसरा बॅटरीचा. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये, आग लागते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी.

चौथा कागदाचा. माल कुणाला दिला, किती दिला, याची पावती आणि प्रमाणपत्र घ्यायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ज्याची नोंदणी आहे, त्यालाच द्यायचे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, ठरवून दिलेली किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्या संस्थांवर ही सक्ती आहे. आपल्यातल्या बहुतेकांचे व्यवसाय याहून लहान. पण केबल जळते तेव्हा धूर ही संख्या मोजत बसत नाही. भंगारवाला चार पैसे जास्त देईल, हेही खरे. ते चार पैसे कशाचे असतात, ते मी ओढ्याकाठी पाहिले.

मग संगणक दान करूच नयेत का? जरूर करावेत. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नियमित सेवा थांबली, म्हणून अनेक ऑफिसांतून धडधाकट यंत्रे बाहेर पडत आहेत. त्यांवर लिनक्स घातले तर ती आणखी काही वर्षे चालतील. पण आधी विचारावे: तिथे वीज कशी आहे, शिकवणारे कोण आहे, बिघडले तर दुरुस्ती कोण करील? आणि वस्तू निकामी झाल्यावर परत नेण्याची जबाबदारी देणाऱ्यानेच घ्यावी.

गेल्या वर्षी आम्ही त्याच वसतिगृहाला सहाच संगणक दिले. आठवडाभर ऑफिसात चालवून पाहिले, सोबत स्टॅबिलायझर दिला, आणि प्रत्येकाच्या मागे आमचा फोन नंबर चिकटवला: 'बंद पडल्यास कळवा, आम्ही घेऊन जाऊ.' मार्चमध्ये पहिला फोन आला. एक बंद पडला होता. दुसऱ्या शनिवारी मी स्वतः जाऊन तो आणला.

अर्पणाच्या थाळीत आपण फाटकी नोट टाकत नाही. टेम्पो भरतानाही तेवढेच लक्षात ठेवू या.

तो जुना फोटो मी भिंतीवरून काढला आहे. आता तिथे पावत्यांची फाइल असते.