एका बोटाचा होकार

इंटरनेटवरून जाणारे पत्र, चित्र किंवा गाणे सबंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होऊन जातात. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटासारखा त्याच्यावर पत्ता असतो आणि वाटेतल्या यंत्रांना तेवढा पुरतो. आत दहावीचा निकाल आहे की सिनेमातले गाणे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. पैसे मोजून घेतलेला डेटा कशावर खर्च करायचा, हे ग्राहकाने ठरवावे. जोडणी देणाऱ्या कंपनीने एखादे संकेतस्थळ अडवू नये, रेंगाळत ठेवू नये किंवा पैसे घेऊन पुढे काढू नये. या तत्त्वाचे नाव नेट न्यूट्रॅलिटी. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांच्या २००३ मधील लेखनातून ते रूढ झाले.

भारतात हा विषय डिसेंबर २०१४ मध्ये घरोघरी पोचला. इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचे एअरटेलने जाहीर केले. परदेशातल्या मुलांशी स्काइपवर बोलणारे आईवडील पुण्यामुंबईत तेव्हा कितीतरी होते. बोलण्याचा डेटा त्यांनी आधीच विकत घेतलेला होता. ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने तो बेत बाजूला ठेवला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, वीस प्रश्नांचे चर्चापत्र काढले. त्यावर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले.

याच वर्षी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने एक सेवा आणली. पुढे तिचे नाव फ्री बेसिक्स झाले. रिचार्ज नसतानाही तिच्यात निवडक संकेतस्थळे उघडत. ज्याला डेटा परवडत नाही त्याला नोकरीची, आरोग्याची माहिती फुकट मिळते, मग बिघडले कुठे, असे विचारले गेले, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. गोम दुसरीकडे होती. यादीत येण्याच्या अटी फेसबुकने घातलेल्या. व्हिडिओ नाही, मोठी चित्रे नाहीत. यादीबाहेरच्या दुव्यावर बोट ठेवले की डेटाचे पैसे पडतील अशी सूचना येई. खिसा रिकामा असलेला माणूस तिथूनच मागे फिरणार. त्याच्या इंटरनेटची शीव तिथे संपली, आणि ती त्याने आखलेली नव्हती.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या डेटादरांविषयी चार नेमके प्रश्न विचारले. त्यावर फेसबुक वापरणाऱ्यांना पडद्यावर फ्री बेसिक्स वाचवण्याचे आवाहन दिसू लागले. बटण दाबले की तयार मजकुराचे पत्र दाबणाऱ्याच्या नावाने ट्रायकडे जाई. अशी लाखो पत्रे गेली. त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. या लोकांना मूळ प्रश्न कळवा आणि त्यांची उत्तरे मागा, असे ट्रायने फेसबुकला सांगितले. चर्चापत्रावर ईमेल पाठवण्याच्या आधीच्या मोहिमेतही मसुदा तयारच होता, हे नोंदवलेच पाहिजे. पण त्यात वीस प्रश्नांना उत्तरे होती आणि पाठवण्यापूर्वी ती खोडता, बदलता येत होती. लोकांनी कशाला हो म्हटले, हे त्यांना कळलेले असणे फार महत्त्वाचे.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी निकाल लागला. मजकूर पाहून डेटाचे दर कमीजास्त करायला ट्रायने बंदी घातली. ही बंदी मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या सेवांना सूट ठेवली. फ्री बेसिक्स भारतातून गेले. दरांचा प्रश्न सुटला, वेगाचा राहिला होता. अडवणे, मंद करणे, झुकते माप देणे यांवरील बंदी केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मान्य केली. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या खास सेवा तिच्याबाहेर ठेवल्या, आणि ते योग्यच होते.

तार अशी मोकळी झाली, तरी पडदा उरतोच. तिथे अडवणूक नसते, वळवणूक असते. तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते. ‘स्वीकारा’ हे बटण मोठे नि रंगीत, नकार मात्र खाली फिकट अक्षरांत, तोही दोन पाने ओलांडून. घाईत असलेला माणूस रंगावर बोट ठेवतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा क्लृप्त्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवून त्यांना मनाई केली. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू घुसवणे ही त्यांतलीच एक. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली असावी, असे म्हटले आहे. शिवाय ती देणे जितके सोपे, तितकेच काढून घेणेही सोपे असावे. होकार एका बटणावर घेतला असेल, तर तो परत घेण्यासाठी अर्ज, फोन आणि सात दिवसांची वाट या कायद्यात बसत नाही.