जुनी जीप विकताना

जुनी वस्तू विकायला काढली म्हणजे तिची खरी किंमत कळते असे लोक म्हणतात. वस्तूची कळते की नाही कोण जाणे. पण विकणाऱ्याची मात्र कळते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका जुन्या जीपगाडीच्या विक्रीविषयी. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात जीप नसेल. हरकत नाही. तिच्या जागी तुम्ही घरातले शिवणयंत्र घाला, विहिरीवरचा पंप घाला किंवा राहते घर घाला. हिशेब तोच आहे.

ही गाडी आमच्या घरी आली 1992 साली. मूळची 1989 ची. वडिलांनी ती तीन वर्षे वापरलेली अशी घेतली. देवरुखजवळच्या आमच्या गावी तेव्हा डांबरी रस्ता संपला की पुढे साडेतीन किलोमीटर जांभ्या दगडाची वाट होती, आणि पावसाळ्यात त्या वाटेचा ओढा होई. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या, जूनमध्ये खताची पोती, भाद्रपदात गणपती, मार्गशीर्षात वऱ्हाड, असे तिचे बारमाही वेळापत्रक होते. रात्री-अपरात्री वाडीत कुणाला विंचू चावला, कुणाची बाळंतीण अडली, की दार आमचेच वाजे. एक मुलगा तर दवाखाना गाठायच्या आधी ओढ्याकाठी गाडीतच जन्मला. तो आता तिशीला आला, पण गावात त्याला अजून ‘जीपवाला’ म्हणतात. त्याच्याकडे साधी सायकलसुद्धा नाही!

तसे पाहिले तर या गाडीचे कुळ मोठे आहे. 1940 साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती, आणि नमुना तयार करायला मुदत दिली होती फक्त 49 दिवसांची. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने 23 सप्टेंबर 1940 रोजी तो नमुना हजर केला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. नाव ‘जीप’ का पडले याविषयी मात्र मतभेद आहेत. कुणी ‘जी. पी.’ या अक्षरांकडे बोट दाखवतात, तर कुणी पॉपायच्या चित्रमालिकेत 1936 साली आलेल्या त्याच नावाच्या अजब प्राण्याकडे. आपल्याकडे महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलिसचे सुटे भाग आणून जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. मग साहेबांच्या दौऱ्याला जीप, निवडणुकीच्या प्रचाराला जीप, धरणाच्या कामावर जीप, असे होता होता हा शब्द मराठीने जसाच्या तसा घरात घेतला.

जीप चिखलातून निघते याचे रहस्य फार अवघड नाही. साध्या रस्त्यावर तिची फक्त मागची चाके ओढतात. दुसरा लहान दांडा टाकला की तीच ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. आणि आणखी एक दांडा ओढला की वेग कमी होऊन ओढ वाढते. बैल जसा चढावर पावले लहान टाकतो, तसेच काहीसे. मात्र कोरड्या डांबरावर हा दांडा टाकून ठेवू नये. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि मग यंत्र स्वतःशीच भांडू लागते. वडील हे मला पाटावर गूळ आणि काड्या मांडून समजावून सांगत.

पण यंत्राची खरी इस्टेट खाली असते. दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी एक शिडी असते. मिस्त्री तिला ‘चासी’ म्हणतात. इंजिन, पाटे, आसने, माणसे सगळी तिच्या जिवावर. आमच्या कोकणात या तुळयांच्या पोटात लाल चिखल जाऊन बसतो, खारी हवा त्याला ओल पुरवते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग शाबूत असतो, आणि आत लोखंडाचा पापड झालेला असतो.

वडील गेले. मी नोकरीनिमित्त शहरात राहिलो. गावी आई आणि धाकटा भाऊ. भावाने लहान टेंपो घेतला, वाट डांबरी झाली आणि जीप वर्षातले नऊ महिने मांगरात उभी राहू लागली. पहिल्या पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. 2004 पासून 2024 पर्यंत आम्ही ते पाच वेळा केले होते. सहाव्यांदा करण्याइतके तिचे काम उरले नाही, हे मनाला पटवायला मला वर्ष लागले. शेवटी गेल्या पावसाळ्यानंतर ठरवले, की विकायची.

विकण्याआधी मिस्त्रीला बोलावले. तो गाडीखाली निजला आणि हातोडीने चासी ठोकत निघाला. टण्, टण्, टण् आणि मग मागच्या पाट्याच्या आधाराजवळ एकदम ‘थप्’. त्याने माती खरवडली. दोन बोटे लांबीची चीर होती, आणि भोवतालचा पत्रा नखाने निघत होता.

“हे काम वाढलं, सर,” तो म्हणाला. “पण विकायचीच आहे ना? काळा रंग मारून देतो. खालून कोण बघतंय?”

मी ‘नको’ म्हणालो नाही. ‘हो’ही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी खालून गाडी नव्यासारखी काळीभोर दिसत होती.

गिऱ्हाइके येऊ लागली. पहिला भंगारवाला. त्याने गाडीकडे पाहिलेच नाही, वजनाचा अंदाज घेतला. दुसरे दोन तरुण. त्यांना चाके मोठी हवी होती, आवाज मोठा हवा होता आणि किंमत लहान. इथे तुम्हांला एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या आठवणींचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, आणि त्याने ते द्यावेत अशी अपेक्षाही धरू नये. ओढ्याकाठचा तो जन्म मी तरुणांना सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, “मग सीट तेव्हाचीच आहे का?”

तिसरे गिऱ्हाईक आंबा घाटाच्या वरच्या अंगाचे. पन्नाशीचे शेतकरी. धनगरवाड्यापलीकडे त्यांची जमीन, वाट कच्ची. म्हाताऱ्या आईला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागते म्हणून त्यांना जीप हवी होती. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, दार उघडले, मिटले, आणि म्हणाले, “एक लाख साठ हजार ठीक आहे. खाली वाकून काय बघायचं? तुम्ही मास्तर माणूस. काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं.”

मी गप्प बसलो. चहा आला, तो प्यालो. पुढच्या रविवारी पैसे घेऊन येतो असे सांगून ते गेले.

आता मी वर्गात नीतिशास्त्र शिकवतो हे तुम्हांला सांगितले पाहिजे, कारण त्या रात्री मला माझाच विषय परका वाटला. आपला करार कायदा 1872 सालचा. त्याचे कलम 17 फसवणुकीविषयी आहे आणि त्यात दाखले दिले आहेत ते घोड्याच्या विक्रीचे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालकाने लिलावात मौन पाळले, तर ती फसवणूक नव्हे. मी मनात म्हटले, चला, सुटलो. पण दाखले तिथेच संपत नाहीत. घेणारी व्यक्ती मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरा दाखला असा, की घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’. आणि मालक गप्प राहतो. इथे ते मौन म्हणजे बोलणेच होय. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याने जणू आमच्या अंगणात बसून तो चहा पिताना पाहिला होता! शिवाय मी नुसता गप्प बसलो नव्हतो. खालचा काळा रंग माझ्या वतीने बोलतच होता.

हा वाद फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो याने इसवी सनापूर्वी 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणाऱ्याचा प्रश्न आहे. घराची लाकडे किडली आहेत आणि ते धन्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, तर त्याने सांगावे काय? डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, घेण्याची सक्ती कुणी केली नाही. ज्याचे त्याने पाहून घ्यावे. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण इथे तुम्ही त्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावता. सिसेरोचा कौल दोष सांगण्याच्या बाजूने आहे. हे सगळे मी दरवर्षी मुलांना शिकवतो आणि परीक्षेत दहा गुणांना विचारतो. पण तिथे किडलेले लाकूड दुसऱ्याचे असते.

सकाळी आईला सांगितले. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “अरे, तुझ्या बाबांनी ही गाडी घेताना तीनदा खाली निजून पाहिली होती. ते लबाड नव्हते, पण त्यांना ठाऊक होतं की लोक रंग मारतात. हा माणूस निजला नाही तो तुझ्या तोंडाकडे बघून. आणि ती म्हातारी त्यात बसणार आहे ना घाटात?” एवढे बोलून तिने तव्यावरची भाकरी उलटली.

मी फोन केला. फोनवरचे ते गृहस्थ काही वेळ बोललेच नाहीत. मला वाटले होते, ते माझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक करतील. ते म्हणाले, “मग आणखी काय काय मोडलंय तेही सांगा.”

हे ऐकून घेणे अवघड गेले. पण त्यांचे चुकले नव्हते. उशिरा सांगितलेल्या खऱ्याला पहिल्यांदा संशयच भेटतो. मी सांगितले. दुसरा गिअर उतारावर सुटतो, पुढच्या आसातून तेल गळते, पाणी पुसणारा हात डावीकडचा चालत नाही, आणि चासी नीट केल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये. रविवारी ते आपला मिस्त्री घेऊन आले. त्याने रंग खरवडला, ठोकून पाहिले आणि सांगितले की गंजलेला भाग कापून काढून नवी जाड पट्टी जोडावी लागेल. गंजावर नुसते वेल्डिंग टिकत नाही. पंचवीस हजारांचे काम निघाले. व्यवहार एक लाख पस्तीस हजारांवर झाला. काम आमच्याच अंगणात झाले आणि मगच गाडी घाट चढली.

तुम्ही गाडी विकणार असाल तर कागदांचेही असेच आहे. पैसे मिळाले, किल्ली दिली, की संपले असे समजू नका. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. नमुना क्रमांक 29 आणि 30 हे त्याचेच कागद. कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवा, आणि विमा कंपनीलाही कळवा. ही केवळ कारकुनी नव्हे. ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे. तोंडी व्यवहारात गाडी चार हात फिरलेली असली तरीही. म्हणजे गाडी दारातून गेली, पण कागदावर राहिली, तर ती गेलीच नाही. आम्ही दोषांची यादीसुद्धा कागदावर लिहिली, दोघांनी सह्या केल्या आणि एकेक प्रत ठेवली.

गाडी गेली त्या दिवशी आई ओट्यावर उभी होती. तिने बॉनेटला हळदकुंकू लावले, आणि भावाने उगाचच टायर दाबून पाहिले. मांगरात तेलाचा काळा डाग राहिला आहे. तो दोनदा घासला, जात नाही.

परवा त्या गृहस्थांचा फोन आला. गाडी बरी चालते आहे. आई दोनदा दवाखान्यात जाऊन आली. मात्र उजवा हातही आता पाणी पुसत नाही, म्हणाले. “हा तुमच्या यादीत नव्हता, सर.” मी म्हटले, खरोखर ठाऊक नव्हता हो. त्यावर ते हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पंचवीस हजार गेले. प्राध्यापकाच्या घरात ती रक्कम लहान नाही, आणि ते गेल्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही असे म्हटले, तर ते पुन्हा काळा रंग मारल्यासारखे होईल. पण पावसाची सर आली आणि आंबा घाट आठवला की रात्री झोप लागते. तेव्हा जुनी वस्तू विकताना तिला रंग द्यायचा असेल तर खुशाल द्या. वरून द्या, उजेडात द्या. फक्त खालून देऊ नका.