इवल्या रुळांवरील गतकाळ

चावीची आगगाडी दिवाणखान्यांत गोल गोल फिरतांना पाहिली नाहीं असा श्रोता विरळाच. तें मुलांचें खेळणें झालें. परंतु गतकाळांतील एखाद्या लोहमार्गाची हुबेहूब प्रतिकृति घडविणें हा प्रौढांचा व्यासंग आहे, आणि त्यांत हस्तकौशल्याइतकीच सत्यनिष्ठेचीहि कसोटी लागते. इंग्लंडांतील रॉय इंग्लंड या गृहस्थांचें उदाहरण या दृष्टीनें मोठें उद्बोधक आहे.

हे गृहस्थ मूळचे पश्चिम ऑस्ट्रेलियाचे. १९२५ सालीं, ऐन तारुण्यांत, ते इंग्लंडांत आले. ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येस एक खोरें आहे. खडूच्या टेकडीवर कोरलेल्या प्राचीन पांढऱ्या घोड्यावरून त्याला नांव पडलें आहे. तेथील गवती छपरांचीं घरें आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाड्या यांनीं त्यांचें मन वेधून घेतलें. परंतु डोळ्यांदेखत तें सारें पालटूं लागलें. जुनीं छपरें उतरूं लागलीं, वेगळ्या धाटणीचीं घरें उठूं लागलीं. हा ओघ अडविणें एकट्या माणसाच्या हातचें नव्हतें. तेव्हां निदान त्याची खरी नोंद ठेवावी, आणि ती केवळ कागदावर न ठेवतां घडीव रूपांत ठेवावी, असा त्यांनीं निश्चय केला. त्यांतूनच १९५४ सालीं लाँग विटनहॅम या खेड्यांत पेंडन नांवाचें संग्रहालय निघालें.

येथील प्रमाण एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तूच्या सुमारें १/७६ इतकें आहे. खोऱ्यांतील प्रत्यक्ष घरांचीं मापें घेऊन त्यांवरून हीं इवलीं घरें केलेलीं आहेत. काळहि ठरलेला: दोन महायुद्धांमधील. अशा कामांत काळ आधीं ठरवावा लागतो. इंजिनाचा रंग, डब्यांवरील अक्षरें, फलाटावरचे दिवे, रस्त्यावरची घोडागाडी, हें सारें मग त्या काळाच्या आज्ञेंत राहतें. पुढील काळांतील एकच मोटार चुकून रस्त्यावर उभी केली, तर सगळ्या देखाव्याची साक्ष खोटी पडते.

एकोणिसाव्या शतकांत ब्रूनेल या विख्यात इंजिनियरानें डेव्हन व कॉर्नवॉल या प्रांतांतील दऱ्यांवर लांकडी पूल उभारले. दगडी खांबांच्या माथ्यावरून पंख्याच्या काड्यांप्रमाणें फांकलेल्या तुळया गाडीचा भार पेलीत. त्यांतील शेवटचा पूल १९३४ सालीं बाद झाला. पेंडनच्या डार्टमूर देखाव्यांत मात्र, वॉकहॅम नदीवरील १८५९ च्या पुलावर बेतलेला एक पूल आहे, आणि त्यावरून चिमुकल्या गाड्या धांवतात.

सत्याची ही ओढ रुळापर्यंत पोंचते. बाजारांत मिळणाऱ्या या मापाच्या ब्रिटिश गाड्यांच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतें. हिशेब केला तर तें ४ फूट दीड इंच भरतें. खरें अंतर ४ फूट साडेआठ इंच. ही सात इंचांची तूट कां आली? ब्रिटिश इंजिनें अंगानें लहान असल्यामुळें त्यांच्या छोट्या प्रतिकृतींत त्या काळची विजेची मोटार मावेना. म्हणून कारखानदारांनीं इंजिनें व डबे मोठे केले आणि रूळ मात्र तसेच ठेवले. पेंडनकरांस हें रुचलें नाहीं. त्यांनीं १८ मिलिमीटरांचा मार्ग घातला व तूट अडीच इंचांवर आणली.

तडजोड मुळींच नको म्हटलें तर कामच उभें राहावयाचें नाहीं. या प्रमाणांत एका मैलास एकवीस मीटर जागा लागते! म्हणून दोन स्टेशनांतील अंतर आंखडावें लागतें, आणि तें डोळ्यांस खुपूं नये म्हणून मध्यें टेकडी, बोगदा किंवा झाडी योजावी लागते. कल्पनेसहि येथें मज्जाव नाहीं. जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली रेल्वे सर्वस्वीं काल्पनिक. पण गाडीभोवतीं अख्खा मुलूख उभा करण्याची वाट दाखविणाऱ्यांत ती अग्रेसर ठरली. आज तीहि पेंडनमध्यें जपून ठेवलेली आहे. जाणून केलेली तडजोड निराळी आणि न पाहतां केलेली चूक निराळी, एवढा विवेक असला म्हणजे झालें.

रॉय इंग्लंड १९९५ सालीं वारले, तेव्हां खोऱ्याचा देखावा अपुराच होता. स्वयंसेवकांनीं तें काम पुढें चालविलें. एका घरावर महिनेच्या महिने घालविणाऱ्या या माणसांस कोणी वेडे म्हणेल. परंतु एखादें घर पडल्यावर त्याचें माप घेतां येत नाहीं. तें उभें असतांनाच कोणीतरी फूटपट्टी घेऊन त्याच्या दाराशीं जावें लागतें.