संगणकाच्या दप्तरातील प्रमाण भाषा

इंदूर, बडोदे आणि बेळगाव येथील मराठी एकच. तरीही एका गावचा शब्द दुसऱ्या गावी कधी वेगळा अर्थ देऊन जातो. बोलताना असा घोटाळा झाला, तर ऐकणारा माणूस पुन्हा विचारून घेतो. संगणक तसे विचारीत नाही. त्याच्या दप्तराला प्रश्न घालण्याच्या भाषेचा विचार म्हणूनच जपून करावा लागतो.

१९७० साली आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांच्या रूपाने साठविण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली तिच्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा सुचविली; तीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधावे ते यंत्राने ठरवावे, हे तिचे मर्म. १९८६ साली अमेरिकेतील व १९८७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने तिचे प्रमाणरूप निश्चित केले. २०२३ पर्यंत त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या.

परंतु प्रमाण येईपर्यंत बोली रुजलेल्या होत्या. पहिल्या दहा ओळी मागावयाच्या, तर मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत ‘टॉप’, मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट’. प्रमाणातील ‘फेच फर्स्ट’ हा प्रयोग २००८ साली आला. असा भेद निदान उघड असतो, कारण न कळलेली आज्ञा यंत्र नाकारते. खरे भय मूक भेदांचे आहे. दोन उभ्या रेघांचे चिन्ह प्रमाणाप्रमाणे शब्द जोडते. मायएसक्यूएलच्या मूळ मांडणीत त्याचा अर्थ ‘किंवा’ असा होतो. नाव आणि आडनाव जोडावयास जावे, तो हाती शून्य येते!

याहून गंभीर उदाहरण रिकाम्या जागेचे. एखाद्या रुग्णालयाच्या नोंदीत ‘न सोसणारी औषधे’ या रकान्यात रिकामा मजकूर म्हणजे ‘विचारले, एकही नाही’ आणि ‘नल’ म्हणजे ‘अद्याप ठाऊक नाही’, असा संकेत आहे असे समजा. प्रमाणात या दोन गोष्टी भिन्न आहेत. ओरॅकल मात्र रिकाम्या मजकुरालाच ‘नल’ मानते. दप्तर तेथे हलविले, की दोन्ही नोंदी एकरूप होतात आणि विचारपूस झालेला रुग्ण कोणता, हे सांगता येत नाही. यंत्र चूक दाखवीत नाही. ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहते.

मग करावे काय? अर्थ रिकाम्या जागेवर सोपवू नये. ‘नाही’ किंवा ‘विचारले नाही’ असे स्पष्ट लिहावे. ओळींचा क्रम हवा असेल तर तो ‘ऑर्डर बाय’ने मागावा, न मागता मिळालेल्या क्रमाची हमी कोणतीही प्रणाली देत नाही. जेथे प्रमाणाने काम भागते तेथे प्रमाणच वापरावे. बोलीवाचून गत्यंतर नसेल, तर तेवढा भाग एका जागी वेगळा ठेवावा, म्हणजे स्थलांतराच्या वेळी तेवढाच बदलावा लागेल. आणि ज्या प्रणालींवर काम चालावयाचे, त्या प्रत्येकीवर ते पडताळून पाहावे.

बोलीचेही गुण असतात. काही कामे तिच्यातच वेगाने होतात. तिचा त्याग करावा असे नव्हे. पण आपण कोठे प्रमाण बोलतो आणि कोठे बोली, याचे भान लिहिणाऱ्याला हवे. यंत्रे बदलतात, कंपन्याही बदलतात. माणसांच्या नोंदी मात्र मागे उरतात, आणि त्यांचा अर्थ शाबूत राहिला पाहिजे.